साताऱ्याच्या थंडीत सायकल: तयारी चढाची नको, उताराची करा

विचारणा थोडक्यात अशी आहे. वय ४६, राहणं शाहूपुरीत, गिअरची हायब्रिड सायकल. पावसाळ्यात अधूनमधून चालवली, आता डिसेंबर-जानेवारीत पहाटे नियमित चालवायची आहे आणि मित्रांबरोबर एकदा कासला जायचं आहे. बीपीची गोळी चालू आहे. जाड जॅकेट घेतलंय ते पुरेल का, सायकलचं काय काय करून घ्यावं, आणि व्हिडिओंमध्ये सांगतात तसं थंडीसाठी वेगळं तेल आणि वेगळे टायर लागतात का?

आधी तेला-टायरचं भूत उतरवू. हिवाळी सायकलिंगचा बहुतेक सल्ला बर्फाच्या मुलखातून येतो. तिकडे हिवाळा म्हणजे ओला रस्ता, बर्फ वितळावा म्हणून टाकलेलं मीठ आणि त्या मिठाने गंजणारी चेन. म्हणून तिकडे खिळ्यांचे टायर, लांब मडगार्ड आणि पाण्याने धुऊन न जाणारं चिकट तेल वापरतात. आपला ओला ऋतू दिवाळीच्या आसपास संपलेला असतो. पुढचे चार महिने कोरडी हवा आणि रस्त्याकडेला फुफाटा. चिकट तेल लावलंत तर आठवडाभरात चेनवर काळा लगदा होईल. तेव्हा टायर आहेत तेच ठेवा. तेलाचं पुढे सांगतो.

साताऱ्याची थंडी तशी बेताची. पहाटे पारा १०-१२ अंशांवर, एखादी लाट आली तर त्याच्याही खाली, आणि दुपारी २८-३०. अंधारात कुडकुडत निघालेला माणूस दहा वाजता घामाघूम होऊन परत येतो. नुसती थंडी असती तर जाड जॅकेट हे उत्तर झालं असतं. इथे दोन तासांत हवा बदलते, आणि त्यात घाट.

घाटाचं नीट समजून घ्या, कारण सगळी तयारी त्याच्याभोवती आहे. समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायला लागलात की वेग ताशी ८-१० किलोमीटर. वारा लागत नाही, छाती धपापते, बनियन पाठीला चिकटतो. हीच वाट उतरताना वेग ३५-४०, पाय थांबलेले, म्हणजे अंगात ऊब तयार होणं बंद, आणि घामाने ओला बनियन अंगावर तसाच. हवा १० अंश असेल आणि तुम्ही ताशी ४० ने उतरत असाल, तर उघड्या कातडीला ती ६ अंशांसारखी लागते. हा कोरड्या कातडीचा हिशेब, ओल्या कपड्यात त्याहून वाईट. थंडी वाजून बोटं आखडतात ती अशा उतारावर, आणि ब्रेक लागतात तेही तिथेच. म्हणून कपडे चढाच्या हिशेबाने घाला आणि उताराचे कपडे सोबत न्या.

या हिशेबात तुमचं जाड जॅकेट बसत नाही. आत फायबर भरलेलं, बाहेर रेक्झिनसारखं कापड असलेलं जॅकेट मोटारसायकलला ठीक. सायकलवर पहिल्या दोन किलोमीटरमध्ये ते आतून ओलं होतं, काढलं तर ठेवायला जागा नाही, कमरेला बांधलं तर बाही चाकात जायची भीती. ते घरी राहू द्या.

त्याऐवजी अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारं कापड हवं. क्रिकेट-कबड्डीच्या टीमचे जाळीदार टी-शर्ट मिळतात तसलं पातळ सिंथेटिक चालतं. सुती बनियन मात्र नको. तो घाम पितो आणि धरून ठेवतो. जमलं तर पातळ लोकर उत्तम. ओली झाली तरी लोकर ऊब देते, हे माणदेशातल्या मेंढपाळाला कुणी शिकवावं लागत नाही. त्यावर नेहमीची सायकलची जर्सी. आणि तिसरा थर म्हणजे घडी करून मुठीत मावेल अशी पातळ विंडचीटर. तिने ऊब मिळण्याची गरज नाही, वारा अडला की पुरे. शहरातून निघताना ती घालायची, समर्थ मंदिराशी काढून खिशात कोंबायची.

घराबाहेर पडल्यावर पहिली दहा मिनिटं थोडी थंडी वाजली पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त झालाय.

हातांसाठी बाही हव्यात. सायकलच्या दुकानात त्या महाग मिळतात. फुटबॉलच्या जुन्या लांब मोज्यांचे पंजे कापून मनगटापासून दंडापर्यंत चढवा, तेच काम करतात आणि उन्हं वर आली की खाली सरकवता येतात. गुडघे मात्र झाका. गुडघ्यावर मांस कमी, वारा थेट सांध्यावर येतो, आणि पहिल्याच चढाला जोर लावला की कुरकूर सुरू होते. पूर्ण लांबीची घट्ट पँट पुरे, तिच्यावर आणखी काही नको. ढगळ ट्रॅकपँट घालणार असाल तर उजवा पाय चेनच्या बाजूने बांधून घ्या.

कानटोपी हेल्मेटखाली घालू नका. जाड कानटोपीने हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा सैल पडतो, आणि पडलात तर ते डोक्यावर जागेवर राहत नाही. कान झाकेल अशी पातळ पट्टी किंवा बफ, म्हणजे गळ्यात घालायची पातळ कापडी नळी, घ्या. तोच नाकावर ओढला की श्वासाची हवा जरा कोमट होऊन आत जाते. मफलर तर अजिबात नको. सुटलेलं टोक कुठे अडकेल सांगता येत नाही. डोळ्यांना पांढऱ्या काचेचा चष्मा हवा, कारण ४० च्या वेगात थंड वाऱ्याने डोळ्यांतून इतकं पाणी येतं की वळण धूसर होतं. अंधारात काळा गॉगल चालणार नाही, हे उघड आहे, तरी लोक घालतात.

हातमोज्यांवर थोडं जास्त बोलतो. विणलेले लोकरीचे मोजे घरात उबदार, सायकलवर जाळी. वारा आरपार जातो. पूर्ण बोटांचे, वर वारा न लागणाऱ्या कापडाचे आणि तळव्याला पकड असलेले मोजे घ्या. बजेट संपलं असेल तर साध्या मोज्यांच्या आत दवाखान्यातले पातळ रबरी मोजे घाला. आत घाम येईल, पण वारा बंद होईल, आणि अर्ध्या तासाच्या उताराला तेवढं पुष्कळ. मोजे घालून घरीच ब्रेकचा दांडा दाबून बघा. बहुतेक ब्रेकच्या मुठीत एक लहान स्क्रू असतो, तो फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. आखडलेल्या बोटांना दांड्यापर्यंत पोचायला लांब पडत असेल तर तो तेवढा जवळ घ्या. हिवाळ्याच्या तयारीत इतकं फुकटचं आणि इतकं उपयोगी दुसरं काही नाही.

पायात दोन-दोन मोजे घालून बूट घट्ट करू नका. रक्त पुढे पोचलं नाही की बोटं आणखी गार पडतात. एकच पातळ लोकरीचा मोजा आणि फारच झोंबत असेल तर त्यावर प्लास्टिकची पिशवी, मग बूट. दिसायला कसंही दिसू दे.

आता घाटाच्या माथ्यावरची पाच मिनिटं. यवतेश्वरला किंवा कासला पोचलात की सगळे आधी चहाच्या टपरीकडे धावतात. गप्पा होतात, फोटो होतात, तोवर अंग निवतं आणि मग दातखीळ बसते. क्रम उलटा करा. आधी वारा लागणार नाही अशी भिंत किंवा आडोसा बघा. जर्सीची चेन उघडून टॉवेलच्या तुकड्याने पाठ आणि छाती पुसा. ओला आतला शर्ट काढून पिशवीतला कोरडा घाला. नसेल तर टपरीवरून कालचा पेपर मागून घ्या आणि दोन पानं घडी करून छातीवर, जर्सीच्या आत सरकवा. युरोपातल्या घाटांच्या शर्यतींत सायकलपटू वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. मग विंडचीटर, गळ्यापर्यंत चेन, हातमोजे. आणि मग चहा. मित्र हसतील, पण खाली उतरल्यावर कोण थरथरतंय ते बघा.

थंडीच्या जागांबद्दलही एक सांगायला हवं, कारण नवखा माणूस इथे चकतो. त्याला वाटतं वर जाऊ तसं गार. दिवसा ते खरं. सातारा शहर समुद्रसपाटीपासून सातशे-साडेसातशे मीटरवर, कास बाराशेच्या आसपास, म्हणजे एरवी तीनेक अंशांचा फरक पडतो. पण निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे जड गार हवा खोऱ्यात उतरून साचते. तेव्हा वाढे फाट्याजवळ वेण्णेचा पूल, क्षेत्र माहुलीचा संगम, कण्हेर धरणाखालचा भाग या जागा यवतेश्वरच्या अर्ध्या घाटापेक्षा गार असतात. मेढ्याकडून केळघर चढतानाही कितीतरी वेळा असं होतं, की खाली बोटं बधिर आणि चार वळणं चढल्यावर हवा चक्क कोमट. नदीकाठच्या याच पट्ट्यात धुकंही जास्त. म्हणून नव्या माणसाने सपाट रस्ता सोपा म्हणून माहुली-कोरेगावची बाजू निवडली, तरी हातमोजे सोडू नयेत.

निघायचं कधी? पहाटे पाचचा हट्ट सोडा. २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस, पण सगळ्यात उशिराचा सूर्योदय त्या दिवशी नसतो. साताऱ्यात तेव्हा साधारण सातला सूर्य उगवतो, आणि संक्रांत होऊन गेल्यावरही जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत सूर्य सात वाजून आठ मिनिटांपर्यंत मागे जातो. पाचला निघालात तर दीडेक तास अंधार, धुकं आणि दव. पावणेसातला निघालात तर घाटाच्या पहिल्या वळणावर फटफटलेलं असतं आणि उताराला रस्ता बहुतेक वाळलेला. ऑफिस गाठायचं असेल तर मधल्या वारी सपाटीवर तासभर फिरा, घाट रविवारसाठी ठेवा. शहरात अगदी पहाटे शेकोट्यांचा आणि जळत्या कचऱ्याचा धूर खालीच साचलेला असतो, तो छातीत भरून घेण्यापेक्षा अर्धा तास झोपलेलं बरं.

बीपीबद्दल. थंडीत कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. त्यात यवतेश्वरचा घाट शहराच्या उंबऱ्यावरच सुरू होतो, अंग गरम व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून थेट घाटाला भिडू नका. पोवई नाका, गोडोली, राजवाडा असा हलक्या गिअरवर पंधरा-वीस मिनिटांचा फेरा मारा आणि मग समर्थ मंदिराकडे वळा. हंगामाच्या सुरुवातीला डॉक्टरांना भेटून नेमकं विचारा: माझी गोळी कोणत्या जातीची, आणि ती घेऊन चढ चढताना काय लक्षात ठेवू? काही गोळ्या नाडीचा वेग वाढू देत नाहीत, मग घड्याळातल्या ठोक्यांवरून किती दम लागलाय हे ठरवणं फसवं ठरतं. काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, मग पाणी कमी पडतं. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काही झालं तर उतरून बसायचं आणि मित्राला सांगायचं. ‘गॅस असेल’ म्हणून पुढे रेटायचं नाही. दम्याचा त्रास असलेल्यांनी पंप खिशात ठेवावा, कारण थंड कोरडी हवा जोरात ओढल्याने श्वासनळ्या आवळतात.

तहान लागत नाही म्हणून पाणी पिणं टाळू नका. घाम वाऱ्यावर वाळून जातो, दिसत नाही, एवढंच. तासाला अर्धा लिटर तरी जाऊ द्या. बाटलीत कोमट पाणी, चिमूटभर मीठ, लिंबू आणि थोडा गूळ. खायला शेंगदाण्याची चिक्की किंवा तिळाची वडी, कारण हातमोजे घालूनही तोडता येते. कंदी पेढाही चालतो, फक्त चढाच्या मध्यावर नको, तोंड कोरडं पडतं. मिसळ परत आल्यावर.

आता सायकल. तुम्ही पावसात चालवली आणि मग तशीच ठेवली, असं दिसतंय. तर थंडीची तयारी म्हणजे मुख्यतः पावसाळा सायकलमधून बाहेर काढणं. दुकानात ‘ओव्हरऑलिंग’ म्हणून देता येते, पण काय बघायचं ते तुम्हाला ठाऊक हवं, नाहीतर धुऊन-पुसून परत मिळते.

सीटचा दांडा पूर्ण बाहेर काढा. फ्रेममध्ये पाणी गेलं असेल तर सायकल उलटी करून निथळू द्या, दांड्याला ग्रीस लावून परत बसवा. लोखंडी फ्रेम असेल तर हे टाळूच नका. पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा. मधेच अडकल्यासारखं किंवा खरखर लागलं तर हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्याचे, छर्रे सुकलेत. चाक हातात धरून एक्सलभोवती फिरवा, तिथेही तोच नियम. कोन-वाटीची, म्हणजे सुट्या छर्र्यांची, चाकं असतील तर उघडून, जुनं ग्रीस पुसून नवं भरायला सांगा. बंद बेअरिंग असेल तर खरखर आल्यावर ते बदलायचंच, वरून तेल मारून उपयोग नाही. गिअर बदलताना अंगठ्याला जोर लागतोय आणि चेन उशिरा सरकतेय? दोष बहुधा गिअरचा नसतो. केबलच्या नळीत पाणी आणि चिखल जाऊन आतली तार गंजलेली असते. तार आणि नळी दोन्ही बदलून घ्या. खर्च किरकोळ, सायकल नव्यासारखी चालते.

चेन मोजून घ्या. दुकानात गेज नसेल तर इंचांची लोखंडी पट्टी पुरे. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा. नव्या चेनमध्ये बाराव्या इंचावर बरोबर पिनेचा मध्य येतो. तो एक सोळांश इंच पुढे गेला असेल तर चेन बदलायची वेळ झाली. एक अष्टमांश पुढे गेला असेल तर मागचे दातेही झिजलेत, नवी चेन त्यांच्यावर घसरेल, दोन्ही बदलावे लागतील. पावसातली वाळू चेनच्या आत कानशीसारखी चालते, त्यामुळे पावसाळा काढलेली चेन न मोजता ठेवू नये.

आणि तेल. आधी चेन रॉकेलने किंवा डिझेलने ब्रश मारून धुवा, पूर्ण वाळू द्या. मग ‘ड्राय ल्यूब’ म्हणून मिळतं ते, प्रत्येक कडीच्या रोलरवर आतल्या बाजूने एक थेंब. रात्रभर तसंच ठेवा आणि सकाळी बाहेरून कापडाने अगदी कोरडं पुसा. बाहेर दिसणारं तेल काही वंगण करत नाही, धूळ पकडतं. गॅरेजमधलं जळकं इंजिन ऑइल फुकट मिळतं म्हणून लावू नका. गंज सोडवायचा स्प्रे हा वंगण नाही, तो असलेलं वंगणही धुऊन काढतो. आणि खोबरेल तेल! आपल्याकडे घरातली बाटली उचलून चेनवर ओतायची सवय आहे. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, हे प्रत्येक घरात डिसेंबरात दिसतं. बाटलीत थिजतं ते चेनच्या कड्यांतही थिजणार. पहाटे सायकल जड का चालते, याचं कारण काही जणांच्या बाबतीत एवढंच असतं. गिअरच्या बारीक सांध्यांना शिलाई मशीनचं तेल मात्र झकास.

ब्रेक. रिमवर घासणारे रबर असतील तर ते काढून तोंड बघा. पावसात रिमचे अॅल्युमिनियमचे चकाकणारे कण त्यात रुतून बसतात आणि रिम खरवडतात. टाचणीने टोकरून काढा, रबर पॉलिश पेपरवर हलकं घासा. रबरातल्या खाचा दिसेनाशा झाल्या असतील तर नवे घाला. डिस्क असेल तर पॅडवरचं मटेरियल मिलिमीटरच्या खाली गेलंय का बघा, आणि डिस्कला तेलाचा हात लागू देऊ नका. तेलाच्या ब्रेकमध्ये शिमानोला मिनरल ऑइल लागतं, काही दुसऱ्या ब्रेकना डॉट तेल. एकाच्या जागी दुसरं गेलं तर आतली रबरी सीलं फुगून ब्रेक निकामी होतात. दुकानदाराने बाटली उघडण्याआधी तेवढं विचारायला लाजू नका.

दव पडलेल्या सकाळी रिम ब्रेक पहिल्यांदा दाबला की लगेच पकडत नाही. रिमवरचं पाणी पुसण्यात चाकाचे दोन-चार फेरे जातात. म्हणून उताराला लागताच, सरळ रस्त्यावरच, दोन्ही ब्रेक हलके दाबून रिम वाळवून घ्या. वेग वळणाआधी कमी करा, वळणात शिरल्यावर ब्रेक नको. झाडांच्या सावलीतली वळणं उशिरा वाळतात. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलावरच्या लोखंडी पट्ट्या आणि ओला पालापाचोळा यांच्यावर सायकल वाकवू नका, सरळ उभी ठेवून पार करा.

हवा. टायरच्या बाजूला ८५ पौंड (psi) लिहिलंय म्हणून ८५ भरायची नाही, ती कमाल मर्यादा आहे. ३२-३५ मिलिमीटरच्या हायब्रिड टायरला आणि सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाला साधारण ५५-६० पौंड ठीक, दवाच्या सकाळी आणखी चार-पाच कमी. गारठ्याने हवेचा दाब जरासा उतरतो, पण खरी गळती ट्यूबमधून हळूहळू होत असते. आठवड्यातून एकदा गेज असलेल्या पंपाने बघा. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने सायकलची ट्यूब क्षणात फुटू शकते.

पंक्चरचा मोसमही हाच. सराट्याची वेल पावसात हिरवी असते, दिवाळीनंतर वाळते, आणि तिची काटेरी फळं सुटून रस्त्याच्या कडेला पसरतात. सराट्याची रचनाच अशी की कसाही पडला तरी एखादा काटा वर असतोच. डांबरावर तो फारसा भेटत नाही. तुम्ही फोटोसाठी, लघवीसाठी, मित्राची वाट बघायला सायकल मातीत उतरवता, तिथे तो टायरला चिकटतो. डांबर सोडायचं असेल तर सायकल उचलून न्या, ढकलत नेऊ नका. परत रस्त्यावर आल्यावर चाक फिरवून, हातमोजा घातलेल्या तळव्याने टायर पुसून घ्या. पिवळट काटा रुतलेला दिसला आणि हवा धरून असेल, तर उपटायची घाई नको. कधी कधी तोच भोक बुजवून बसलेला असतो, घरी पोचल्यावर काढा. हवा गेलीच तर ट्यूब बदलताना टायरच्या आतून कापडाचा बोळा फिरवा. मोडलेलं टोक कापडात अडकतं. बोटाने शोधाल तर बोटात शिरेल, आणि न शोधता नवी ट्यूब घातली तर दहा मिनिटांत तीही बसेल. थंडीत सोल्यूशन सावकाश सुकतं आणि बोटं साथ देत नाहीत, तेव्हा रस्त्यात पंक्चर काढत बसू नका. दोन कोऱ्या ट्यूब न्या, पॅच घरी उन्हात मारा.

दिवे आणि ऊस हा एकच विषय आहे. दिवाळीच्या आसपास गाळप सुरू झालं की मार्चपर्यंत शेंद्रे, भुईंज, कोरेगाव, कराड या सगळ्या बाजूंना उसाच्या गाड्या रात्रंदिवस धावतात. ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा असेलच असं नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलाखाली, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर गाणी इतकी मोठी की तुमची घंटी ऐकू जाण्याचा प्रश्नच नाही. धुक्यात अशी ट्रॉली वीस फुटांवर येईपर्यंत दिसत नाही. तुमच्यासाठी ती न दिसणं जेवढं धोक्याचं, तेवढंच मागच्याला तुम्ही न दिसणं. पुढचा दिवा ३००-४०० ल्युमेनचा, तोंड खाली वळवलेलं. धुक्यात प्रखर दिवा समोर धरला तर डोळ्यांपुढे नुसता पांढरा पडदा उभा राहतो. मागे लाल दिवे दोन, एक स्थिर आणि एक लुकलुकणारा, म्हणजे एकाची बॅटरी गेली तर दुसरा आहे. मागच्या पिशवीने दिवा झाकला जात नाही ना, हे कुणाला तरी मागे उभं करून बघा. घोट्यांना रिफ्लेक्टरच्या पट्ट्या बांधा. वरखाली हलणारी चमक ड्रायव्हरला लगेच कळते, की हा सायकलवाला आहे. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकल फेरीत, रात्री दिवे आणि रिफ्लेक्टिव्ह जाकीट सक्तीचं असतं, तोच नियम आपल्या रोजच्या फेरीला लावा.

ट्रॉलीतून पडलेला ऊस हा वेगळाच सापळा. गोल, गुळगुळीत आणि दवाने ओला. तिरपं चाक त्यावर गेलं की ऊस लोळतो आणि सायकल खालून निघून जाते. चुकवता आला नाही तर त्याला काटकोनात, हँडल सरळ धरून पार करा. चेंगरलेल्या उसाचा चोथा आणि पाचट दिसलं की खाली खड्डा आहे असंच समजा. आणि चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढायची शाळेतली हौस पुन्हा उफाळून आली, तर ती मोळी विकत घेऊन भागवा.

कास-बामणोलीच्या बाजूला अगदी पहाटे गवे रस्ता ओलांडतात. एक दिसला म्हणजे मागे आणखी असतील. थांबा, दिवा त्यांच्या डोळ्यांवर मारू नका, घंटी वाजवू नका, कळप जाऊ द्या.

पहिल्याच रविवारी कास नको. आधी बोगद्यातून परळीच्या रस्त्याने सज्जनगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन या. चढउतार आहेत, पण अंगावर येणारे नाहीत, आणि काही बिघडलं तर शहर जवळ. त्या फेरीत कोणता कपडा जास्त झाला, कोणतं बोट गार पडलं, गिअर कुठे अडखळला, हे लिहून ठेवा आणि आठवड्यात दुरुस्त करा. दुसऱ्या रविवारी यवतेश्वर, माथ्यावर कपडे बदलायची तालीम त्या दिवशी. तिसऱ्याला कास. तिथे फुलं नसतील, ती ऑगस्ट ते ऑक्टोबर. पण पठारावरचं वाळलेलं गवत आणि मोकळा रस्ता सायकलवाल्याला जास्त सोयीचा. साडेनऊनंतर उन्हं तापतात आणि पर्यटकांच्या गाड्या वर यायला लागतात, त्याआधी उतरायला सुरुवात करा. उतरताना दोन सायकलींत चांगलं अंतर ठेवा आणि गप्पा खाली आल्यावर मारा.